गव्हाणीशेजारची हलगी

गेल्या नाताळात शेजारच्या घरी फराळाचे ताट घेऊन गेले. ताटावर क्रोशाचा रुमाल होता आणि त्याखाली करंज्या, शंकरपाळे, पोह्यांचा चिवडा, बेसनाचे लाडू आणि मोडू नयेत म्हणून वेगळ्या वाटीत ठेवलेल्या चकल्या. दार शेजारणीच्या मुलाने उघडले. दुसरीत आहे तो. त्याने रुमालाचे टोक उचलून आत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘काकू, केक नाही आणला? हे तर दिवाळीचं आहे.’’ त्याची आई ओशाळून आतून धावत आली, त्याला दटावले आणि ‘‘अहो, मनावर घेऊ नका, आत या ना,’’ असे म्हणत तिने माझ्या हातातले ताट घेतले. मनावर घेण्यासारखे त्यात काहीच नव्हते. मुलाला जे दिसले ते त्याने बोलून दाखवले होते. तरीही चहा घेताना, घरी परतल्यावर आणि संध्याकाळी उपासनेला निघतानाही ते वाक्य माझी पाठ सोडेना, कारण त्याला द्यायचे उत्तर माझ्याजवळ होते आणि ते उंबऱ्यावर उभ्याउभ्या सांगून होण्यासारखे नव्हते.

त्या मुलाची आणि नाताळाची पहिली भेट शाळेत आणि मॉलमध्ये झाली आहे. डिसेंबर लागला की पुण्यातल्या दुकानांच्या काचांमागे कापसाचा बर्फ पडू लागतो, प्लास्टिकच्या सूचिपर्णी झाडांवर दिव्यांच्या माळा चढतात आणि लाल टोपी घातलेला म्हातारा मुलांना चॉकलेट वाटतो. या सगळ्यात गोडवा आहे आणि मला त्याचा राग नाही. केक आमच्याही घरी होतो. माझ्या मुली तो आवडीने करतात. परंतु माझ्या लहानपणच्या नाताळाला तळणीचा वास होता, आणि तो वास ज्या वाटेने आमच्या घरात आला, त्या वाटेवर केकच्या वाटेपेक्षा कितीतरी अधिक चढउतार होते.

आमचे गाव नेवासे तालुक्यातले, वडाळा मिशनच्या बाजूचे. डिसेंबरच्या अखेरीला त्या भागात थंडी अशी पडते की पहाटे तोंडातून वाफ निघते आणि पितळी हंड्याला हात लावताना अंगावर काटा येतो. रब्बीची ज्वारी तेव्हा दाणा भरत असते आणि लवकर पेरलेल्या रानात हुरड्याच्या आगट्या पेटू लागलेल्या असतात. अशा दिवसांत आजीच्या घरी वस्तीतल्या बाया फराळाला जमत. आज आमच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, असे करत सगळ्या घरांचे होऊन जाई. करंजीचे पीठ आजी घट्ट भिजवायची आणि मग पाट्यावर वरवंट्याने इतके कुटायची की त्याचा खरखरीतपणा जाऊन ते बोटाखाली रेशमासारखे सरकू लागे. मैदा परवडत नसे त्या वर्षी रव्यात घरच्या गव्हाची कणीक मिसळली जाई आणि करंजीला किंचित तांबूस रंग येई. खोबऱ्याचा कीस मंद आचेवर भाजण्याचे काम माझ्या आईचे. तो जरा अधिक लाल झाला की आजी काही बोलत नसे, नुसती कढईकडे बघे, आणि आई ती लगेच खाली उतरवी. खसखस, पिठीसाखर आणि जायफळ मिसळून सारण तयार झाले की आम्हा मुलांना ओल्या फडक्याखाली पाऱ्या झाकण्याचे काम मिळे. कडेला दुधाचे बोट फिरवायचे, सारण भरून पारी दुमडायची, कातण्याने नागमोडी कड कापायची आणि करंजी पुन्हा फडक्याखाली सरकवायची. पहिला घाणा निघाला की आजी चुलीतले लाकूड बाहेर ओढायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगायची. प्रार्थना लांबत असे. तिच्यात येशूबाळाच्या जन्माबद्दल आभार असत, त्या सालच्या पावसाची तक्रार असे, मुंबईला गिरणीत असलेल्या काकांची खुशाली असे आणि शेवटी कढईतल्या तेलाला बरकत मागितलेली असे.

हा फराळ आमच्याकडे कसा आला, ते मी आजीला विचारले होते. तिचे उत्तर व्यवहाराचे होते. बाप्तिस्मा घेतल्यावर तिच्या सासऱ्यांच्या पिढीने दिवाळी करणे सोडले. मिशनची शिस्त कडक होती. जुने सण, जुने गंडेदोरे, जुनी गाणी, सगळे मागे ठेवून यायचे होते. पण गावातल्या काही घरांतून दिवाळीचे ताट यायचे, आणि आपल्याकडे आलेले ताट रिकामे परत करायची रीत नाही. म्हणून ते ताट धुऊनपुसून फडताळात ठेवायचे आणि नाताळाला भरून परत पाठवायचे. ताट ज्यांनी भरून पाठवले त्यांना त्यांच्या ओळखीचे, त्यांच्या तोंडाला रुचेल असे काही द्यायला हवे, एवढ्या साध्या विचाराने करंजी आणि चकली आमच्या नाताळात आली. दिवाळी आणि नाताळ यांच्यामधल्या दीड-दोन महिन्यांत ते ताट आमच्या घरी मुक्कामाला असे.

सगळी ताटे मात्र सारखी नव्हती. आम्ही गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. आमच्या पूर्वजांना धर्म बदलल्याने नवे नाव मिळाले, शाळा मिळाली, दवाखाना मिळाला. गावाच्या नजरेतली त्यांची जागा मात्र बऱ्याच काळपर्यंत जिथल्या तिथेच राहिली. काही घरांत आमचे ताट हसून, दारातच घेतले जाई आणि मागच्या दाराने गड्याला नाहीतर जनावरांना दिले जाई. हे लपून राहत नसे. ज्या घरी ताट गेले, त्याच घरी मजुरीला गेलेल्या बाया संध्याकाळी वस्तीवर येऊन सांगत.

आजी ऐकून घेई, आणि पुढच्या वर्षी त्या घरी पुन्हा ताट पाठवी.

नाताळाच्या रात्री देवळात कीर्तन असे. आमच्याकडची जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणतात. जमिनीवर सतरंज्या अंथरलेल्या, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, मधोमध पेटी, तबला, झांजा, आणि समोर धोतर-उपरणे नेसलेले, फेटा बांधलेले बुवा हातात चिपळ्या घेऊन उभे. पूर्वरंगाला योहानाच्या शुभवर्तमानातले ‘शब्द देही झाला’ हे वचन घेत आणि त्याचे निरूपण करताना ओव्या, साक्या, दिंड्या ओघात येत. निरूपण कधी लांबे, मुले पेंगू लागत; मग बुवा मध्येच झांजवाल्याकडे पाहून भजनाची लय वाढवत आणि झोपलेले डोळे उघडत. उत्तररंगात मेंढपाळांचे आख्यान असे. बेथलेहेमच्या माळावरची ती रात्र बुवा असे उभे करत की तो माळ प्रवरेच्या पलीकडचाच वाटे: बोचरी थंडी, वाघुरीच्या जाळीआत एकमेकींना चिकटून बसलेल्या मेंढ्या, कुत्र्याचे अचानक भुंकणे बंद होणे आणि आभाळ उजळणे. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच तालुक्यात, त्याच ओवीच्या चालीवर, आम्ही ख्रिस्तजन्म ऐकत होतो. त्या वयात यात काही विशेष आहे असे कोणाला वाटत नव्हते.

आता मागे वळून पाहताना यामागे किती जणांची जिद्द होती ते उमगते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 साली नगरला आले. त्यांनी आणलेली गीते मराठीत उतरली, पण त्यांच्या चाली आमच्या माणसांच्या तोंडी सहज बसेनात. एका सुरात सुरू झालेले गाणे भलत्याच सुरात संपे, असे जुने लोक सांगत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या नगरच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी चिपळ्या हातात घेतल्या आणि शुभवर्तमान कीर्तनात बसवले. पुढे 1895 साली बाप्तिस्मा घेऊन कवी नारायण वामन टिळक नगरला आले आणि त्यांनी अभंगांची आणि भजनांची अशी रास ओतली की आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून टिळक वजा केले तर मराठी ख्रिस्ती मंडळीला गायला फार थोडे उरेल. आपण ख्रिस्तापर्यंत तुकोबांच्या पुलावरून आलो, असे टिळक मानत. माझी आजी शाळेत फार गेली नव्हती. तिचा सारा धर्मविचार या भजनांतून तिच्याकडे आला होता. जाते ओढताना, पाणी शेंदताना ती तेच गुणगुणत असे.

टिळकांचा तो पूल मला प्रिय आहे, आणि तरीही त्याच्याबद्दल एक बोच मनात राहते. टिळक ब्राह्मण घरातून आले. तुकोबा, ज्ञानोबा, कीर्तनाची पाट-चौरंगाची मांडणी हे सगळे त्यांच्या हाताशी होते. माझ्या पणजोबांच्या हाताशी ते नव्हते. गावात सप्ताह बसे तेव्हा ते देवळाच्या आवाराबाहेर, बाभळीखाली बसून कीर्तन ऐकत. बुवांचा चेहरा त्यांना दिसत नसे, फक्त आवाज येई, आणि वारा फिरला की तोही जाई. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराच्या पायरीशी आहे. विठ्ठलमंदिर सर्वांना खुले होण्यासाठी 1947 साल उजाडावे लागले आणि साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. त्याच्या कितीतरी आधी, दुष्काळाने होरपळलेल्या 1876-77 च्या पुढच्या वर्षांत, नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून माणसे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. त्यांच्या मुलांनी ख्रिस्ती देवळात कीर्तन ऐकले तेव्हा ती पहिल्या रांगेत बसली होती. म्हणून ख्रिस्ती लोकांनी स्थानिक परंपरा जपल्या, असे कौतुकाने लिहिलेले वाचते तेव्हा मला अडखळायला होते. टिळकांच्या बाबतीत ते खरे आहे. आमच्या बाबतीत ज्या परंपरेच्या दारात आम्हांला थांबवले होते, ती आम्ही आमच्या देवळात, आमच्या सतरंजीवर बसून हक्काने मिळवली. चिपळ्यांचा तो आवाज ऐकताना माझ्या पणजोबांना काय वाटले असेल, याचा मी आजही विचार करते.

कीर्तनाआधी मुलांचे नाटक होई. गव्हाण खरी असे, कोणाच्या तरी गोठ्यातून उचलून आणलेली, आणि तिच्यात कडबा. मरियेला आईचे नऊवारी लुगडे, योसेफाच्या खांद्यावर सुताराची करवत, मेंढपाळांना घोंगड्या आणि डोक्याला तांबडी पागोटी. एका वर्षी शेजारच्या रानात मेंढ्या बसवलेल्या धनगराने आपले कोकरू दिले. ते देवदूताच्या पांढऱ्या धोतराचा सोगा चघळत राहिले आणि देवदूताने आपले वाक्य न चुकता पूर्ण केले. मरिया आणि योसेफ दारोदार फिरतात तो प्रवेश मात्र दर वर्षी लांबे. नाटक लिहिणाऱ्या गुरुजींनी त्यात एकच उतारशाळा ठेवली होती. मुले आपल्या मनाने घरे वाढवत. पाटलाचे घर, सावकाराचे घर, देवळाची धर्मशाळा. प्रत्येक दारावर ‘‘जागा नाही, पुढं व्हा’’ असे उत्तर येई, आणि सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाया ‘‘अगं माय’’ म्हणून पदर डोळ्यांना लावत. पुण्याच्या देवळांत मी किती तरी देखणी नाटके पाहिली, पण त्या प्रवेशाला रडणारी माणसे मला तिथे दिसली नाहीत.

मग पाळणा. रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला हलतो तसाच दोरीचा पाळणा, त्याला झेंडूच्या माळा, आत मऊ लुगड्याच्या बाळंत्यात गुंडाळलेली बाहुली. दोन्ही बाजूंना बाया उभ्या राहून दोरी या हातातून त्या हातात देत आणि ‘जो बाळा जो जो’च्या चालीवर येशूचा पाळणा म्हणत. त्या वर्षी ज्या घरी नवे मूल झाले असेल, त्या आईला पहिला झोका द्यायचा मान. ज्या बाईचे मूल त्या वर्षी गेले असेल, तिलाही आजी हाताला धरून पुढे आणी. हे कोणत्या ग्रंथात लिहिलेले नाही आणि कोणत्या मिशनरीने शिकवलेले नाही. माझ्या दृष्टीने आमच्या नाताळातला हाच भाग सर्वांत मोलाचा आहे.

नगरपासून दूर, समुद्राच्या बाजूलाही असेच काही घडलेले आहे, फक्त त्याचा काळ जुना आणि रंग वेगळा आहे. वसईतल्या जुन्या ख्रिस्ती बाया सणाला अजून लाल लुगडी नेसतात. गोव्यात नाताळाच्या ताटात दोदोल आणि बेबिंकाच्या शेजारी नेवऱ्या असतात, आणि नेवरी म्हणजे तर आमची करंजीच. त्याच गोव्यात, राचोलला, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले, ओव्यांत. परदेशातून आलेल्या त्या जेझुइटाला इथल्या माणसाला येशूची कथा सांगायची तर पुराण सांगावे तशी सांगावी लागेल हे कळले होते. नगरच्या मिशनच्याही दोन शतके आधीची ही गोष्ट आहे.

त्या मुलाला मी काय सांगितले असते? बहुधा एवढेच, की हो बाळा, हे दिवाळीचेच आहे. तुझ्या आजीच्या आजीकडून माझ्या आजीच्या सासूकडे आलेले ताट अजून जाते-येते आहे. त्यात गड्याला दिली गेलेली ताटेही आहेत आणि आपुलकीने खाल्लेलीही आहेत. त्याने दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटून करंज्या संपल्या असे सांगितले, आणि आणखी आहेत का ते विचारले. मी डबा भरून दिला. बाकीचे तो मोठा झाल्यावर सांगता येईल.

मला सध्या अधिक काळजी आहे ती गावच्या देवळाची. कीर्तन करणारे बुवा थकले. त्यांच्या जागी काही वर्षे कीबोर्ड आणि हिंदी गाणी आली. तरुण मुले ती मनापासून गातात, त्यात खोट नाही. पण मेंढपाळांचे आख्यान कोणालाच पाठ नाही, अशी वेळ आली होती. मग वस्तीतल्या दोघा-तिघांनी बुवांकडे बसून ते फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतले आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने चिपळ्या हातात घेतल्या. गेल्या नाताळात ती पहिल्यांदा उभी राहिली. तिचा आवाज सुरुवातीला कापत होता, आणि आख्यानात आभाळ उजळले त्या क्षणी तिने ठरवल्याप्रमाणे तिच्या चुलत भावाने हलगीवर काडी टाकली.

देवळात हलगी त्याआधी कधीच वाजली नव्हती. नाताळाच्या पहाटे प्रभातफेरी निघते तिच्यातसुद्धा ढोलकी असे, झांजा असत, हलगी नसे. हलगी आमच्या वस्तीच्या हातातले वाद्य होते. गावच्या लग्नात, जत्रेत, मयताला, दवंडीला ती आमच्या माणसांनीच वाजवायची, मिरवणुकीच्या पुढे चालायचे आणि पंगतीच्या वेळी बाहेर थांबायचे. बाप्तिस्म्यानंतर ज्या वस्तू खुंटीवरून कायमच्या उतरल्या त्यांत ती होती, आणि ती उतरवायला कोणा मिशनरीने सांगावे लागले नव्हते. त्यामुळे त्या रात्री पहिला ठोका पडताच तीन-चार वयस्कर माणसे उठून बाहेर गेली. त्यांत माझे काकाही होते. मी त्यांच्या मागे गेले. ते भिंतीला टेकून उभे होते. ‘‘माझ्या बापाला ती घेऊन दारोदार उभं राहताना मी पाहिलंय,’’ ते म्हणाले, ‘‘शिळं वाढलेलं घेताना पाहिलंय. ती इथं कशाला आणली?’’ मला त्यांना काही सांगता आले नाही. आत ती मुलगी गात होती, मुलगा उंच धरलेल्या हलगीवर जाड टिपरू आणि बारीक काडी अशी खेळवत होता की ज्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती ती पोरे उभी राहून ताल धरू लागली होती. त्या मुलाच्या मनात काकांच्या आठवणीतली लाज नाही. ती कला आपली आहे आणि ती आपल्याच देवासमोर वाजवायची, एवढेच त्याला कळते.

यावर मंडळीत वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. काकांसारख्यांचे म्हणणे मला पटते, कारण त्यांनी ते सोसले आहे. तरीही माझे मन त्या मुलाच्या बाजूने झुकते. कीर्तन आम्ही दुसऱ्यांच्या आवारातून मिळवले, फराळ दुसऱ्यांच्या ताटातून घेतला, पाळणा सगळ्या महाराष्ट्राचा होता तो घेतला. मग जे वाजवणे पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच मनगटात होते, ते एकटे येशूच्या जन्मसोहळ्याबाहेर का राहावे? ज्या मेंढपाळांना देवदूतांनी सर्वांत आधी बातमी सांगितली, तेही गावाबाहेरच रात्र काढणारे होते.

पाळकसाहेबांनी सर्वांना आपापले मत लेखी द्यायला सांगितले आहे. मी पुण्याहून माझे पत्र पाठवले आणि त्याची एक प्रत काकांनाही पाठवली. त्यात लिहिले आहे की पहिला मान पाळण्याला असावा, हलगी आख्यानात असावी आणि ती वाजवणाऱ्याची जागा गव्हाणीशेजारी, सतरंजीवर असावी. ज्यांना ती ऐकवत नाही त्यांच्यासाठी आख्यानाआधी थोडा वेळ थांबावे आणि त्यांनी बाहेर जाण्याचे कारण त्या मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकवावे. थंडीत हलगीचे कातडे सैल पडते, ते शेकण्यासाठी आगटी लागते. ती मुले गेल्या वर्षी रस्त्याच्या पलीकडे जाऊन हलगी शेकून आली होती. या वर्षी आगटी देवळाच्या आवारातच पेटवावी, तिच्यासाठीचा कडबा आमच्या घरून येईल, असेही मी कळवले आहे. काकांचे उत्तर अजून आलेले नाही.